.२२ रायफलची नळी आखूड असली तर गोळीचा वेग किती घटतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागला. स्वप्नील मूळचा कोल्हापूरकडचा, पण नोकरी पुण्यात मध्य रेल्वेत आणि सराव बालेवाडीला, त्यामुळे पुणेकरांना तो घरचाच वाटतो. तेव्हापासून रोज कुणीतरी नवशिका, कुणाचे तरी बाबा किंवा घरात जुनी रायफल पडून असलेला एखादा गृहस्थ नळीच्या लांबीवर काहीतरी विचारतोच. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतोय. शक्यतो क्रमाने वाचा. घाई असेल आणि प्रश्न नळी कापण्याचा असेल, तर थेट आठवा प्रश्न वाचा.

१. नळीच्या लांबीचा आणि गोळीच्या वेगाचा मुळात संबंध काय?

कात्रजच्या घाटात गाडी बंद पडली आणि तुम्ही मागून धक्का देताय, असं समजा. तुमचा हात गाडीला टेकलेला आहे आणि हातात जोर आहे, तोवर गाडीचा वेग वाढत राहणार. हात सुटला की वाढ संपली. नळीत गोळीच्या मागे जो तापलेला वायू कोंडलेला असतो तो म्हणजे तुमचा हात, आणि नळीची लांबी म्हणजे हात किती अंतर टेकलेला राहतो ते.

मात्र तुमच्या हाताचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण सारखा असतो, वायूचा तसा नसतो. दारू पेटल्यावर दाब क्षणात शिखरावर जातो. गोळी पुढे सरकली की तिच्यामागची जागा वाढते, वायू पसरतो आणि दाब पडत जातो. म्हणजे पहिल्या काही इंचांत दणदणीत धक्का आणि पुढे नुसती ढकलाढकली. म्हणून नळीचा पहिला इंच आणि विसावा इंच यांची किंमत सारखी नसते. लोक हिशेब करताना नेमकं हेच विसरतात.

२. म्हणजे जितकी लांब नळी तितका जास्त वेग, बरोबर ना?

.२२ लाँग रायफल या काडतुसापुरतं सांगायचं तर नाही.

गणित करून बघू. या काडतुसाच्या आत गोळीमागे जेमतेम पाव घन सेंटीमीटर जागा असते. दारू चिमूटभर, तीही लवकर जळणारी. ५.६ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६० सेंटीमीटर लांबीच्या नळीची पोकळी होते साधारण साडेचौदा घन सेंटीमीटर. म्हणजे गोळी तोंडापाशी पोचेपर्यंत वायूला मूळ जागेच्या साठपट जागेत पसरावं लागतं. एवढं पसरल्यावर त्यात कितीसा जोर उरणार? दुसरीकडे शिशाची गोळी नळीतल्या खाचांना घासत चाललेली असते, आणि ते घर्षण काही कमी होत नाही. एका ठिकाणी दोघांचं पारडं समान होतं. त्याच्या पुढची नळी गोळीला ढकलत नाही, उलट किंचित अडवते.

हे ठिकाण बहुतेक .२२ लाँग रायफल काडतुसांसाठी १६ ते १९ इंचांच्या, म्हणजे ४० ते ४८ सेंटीमीटरच्या आसपास येतं. काडतूस कोणतं आणि नळी आतून किती घट्ट, यावर ते इकडे-तिकडे सरकतं. त्यामुळे २६ इंची नळीतून निघालेली गोळी १८ इंची नळीतल्या गोळीपेक्षा हळू निघाली, तर दचकू नका. यंत्र बिघडलेलं नाही.

३. पण माझा मित्र म्हणतो नळी इंचाने आखूड झाली की सेकंदाला २५ ते ३० फूट वेग जातो. तो खोटं बोलतोय का?

मित्र खरंच सांगतोय, फक्त दुसऱ्याच काडतुसाबद्दल. '.२२' म्हणताना लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबतात. गोळीचा व्यास जवळपास तोच असतो, पण मागची दारू वेगळी असते.

.२२ लाँग रायफल १८८७ पासून चालत आलेली आहे. ती रिमफायर आहे, म्हणजे काडतुसाच्या कडेवर आघात होऊन पेटते. ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी आणि स्पर्धेच्या काडतुसात वेग सेकंदाला ३२० ते ३३० मीटर. तिचा थोरला भाऊ .२२ मॅग्नम. दारू जास्त आणि जळायला संथ, म्हणून त्याला नळीची लांबी थोडी अधिक उपयोगी पडते. आणि मग .२२३ रेमिंग्टन, म्हणजे सेंटरफायर, काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होऊन पेटणारं. बाहेरच्या देशांत छोट्या शिकारीसाठी हे सर्रास वापरतात. ५५ ग्रेनची गोळी २४ इंची नळीतून सेकंदाला ९८५ मीटरच्या आसपास निघते. तिच्या काडतुसाची पोकळी जवळजवळ १.९ घन सेंटीमीटर असते. दोन फुटी नळीत वायू साठपट नव्हे, नऊपट वगैरेच पसरतो. तोंडाशी पोचल्यावरही त्यात भरपूर दम शिल्लक असतो, म्हणून नळी आखूड झाली की वेग खरोखर घटतो. तुमच्या मित्राचा आकडा, इंचाला २५ ते ३० फूट किंवा ८ ते ९ मीटर, इथला आहे. तो .२२ लाँग रायफलला लावला तर उत्तर चुकणारच.

४. थोडक्यात आकडे द्या. भाषण नको.

बरं. .२२ लाँग रायफल, स्पर्धेचं काडतूस: २४ इंचांवरून १६ वर आलात तर फरक सेकंदाला दोन-पाच मीटरचा, तोही कधी वर तर कधी खाली. १० इंचांवर साधारण १० ते २५ मीटर घट. पिस्तुलाच्या लांबीला आलं की घट स्पष्ट दिसते. २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाच्या नळीवर १५३ मिलिमीटरची मर्यादा असते आणि काडतूस हेच असतं. तिथे रायफलच्या तुलनेत ४० मीटर किंवा त्याहून थोडा जास्त वेग गेलेला असतो. तरी राही सरनोबतसारखे नेमबाज त्याच वेगावर पदकं आणतात.

.२२३ रेमिंग्टन: २४ वरून १८ इंचांवर साधारण ५० मीटर घट. वेग ५ टक्क्यांनी घटला, तर ऊर्जा जवळपास १० टक्क्यांनी घटते, कारण ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो.

हे सगळे ढोबळ पल्ले आहेत. तुमच्या हातातल्या रायफलचा आकडा हवा असेल तर मोजावाच लागेल (प्रश्न १२).

५. वेग कमी झाला की नेम चुकतो का?

पालकांचा सर्वांत लाडका प्रश्न. उत्तर दोन भागांत आहे.

समजा एका रायफलची गोळी सरासरी ३३० मीटरने निघते आणि दुसरीची ३१० मीटरने. ५० मीटरवर पोचायला पहिलीला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. तेवढ्यात ती ११ सेंटीमीटरच्या वर खाली येते. दुसरीला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून ती आणखी साधारण दीड सेंटीमीटर खाली लागते. (हवेचा अडथळा धरला तर दोन्ही आकडे थोडे वाढतात.) ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. दीड सेंटीमीटर म्हणजे दहा सोडून थेट आठ-नऊकडे प्रस्थान. घाबरलात? पण साइटच्या (रायफलवर नेम धरायला बसवलेल्या भागाच्या) नॉबला चार-सहा टिचक्या दिल्या की तो दीड सेंटीमीटर भरून निघतो. दर वेळी तेवढीच खाली लागणारी गोळी ही अडचणच नाही.

अडचण असते ती वेग दर गोळीला बदलण्याची. एक ३३५ ने, पुढची ३२५ ने. दहा मीटरच्या फरकाने गोळ्या सात-आठ मिलिमीटर वरखाली होतात, आणि ही चूक कोणत्याच नॉबने सुटत नाही. म्हणून चांगल्या काडतुसात लोक वेगापेक्षा सारखेपणाचे पैसे मोजतात. एली या कंपनीच्या काडतुसांच्या डब्यावर लॉट नंबरसोबत त्या लॉटचा सरासरी वेग छापलेला असतो. तो बघून आमची मुलं 'जास्त आकड्याचा डबा द्या' म्हणतात. आंब्याच्या पेटीत सगळ्यांत मोठा आंबा शोधण्यातला प्रकार. गोडी त्यावरून कळत नाही.

६. आखूड नळी उलट जास्त अचूक असते असं ऐकलंय. खरं का?

अर्ध खरं. जाडी तीच ठेवून नळी आखूड केली की ती ताठ होते. ६६ सेंटीमीटरऐवजी ५० सेंटीमीटर असेल तर टोकावरच्या भाराला ती सव्वादोनपटीहून जास्त ताठ राहते, कारण इथे लांबीचा घन लागतो. ताठ नळी कमी थरथरते. दुसरा फायदा म्हणजे गोळी लवकर बाहेर पडते. घोडा दाबल्यावर गोळी नळीत असेपर्यंत तुमचा हात हलला तर तो हलणं गोळीत उतरतं. पंधरा सेंटीमीटर कमी म्हणजे साधारण अर्धा मिलिसेकंद कमी. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण स्टँडिंग पोझिशनमध्ये उभं राहून बघा.

आता उरलेलं अर्ध. उघड्या साइटने नेम धरणाऱ्याला पुढची साइट जितकी लांब तितकं बरं. साइटमधलं अंतर ६० सेंटीमीटर असेल आणि पुढची साइट केसभर, समजा ०.१ मिलिमीटर, चुकली तर ५० मीटरवर चूक ८ मिलिमीटरच्या वर जाते. तेच अंतर ८० सेंटीमीटर असेल तर ६ च्या थोडी वर. नळी आखूड करून साइट मागे आणलीत, तर ताठपणाने जे कमावलं ते इथे गमावलं. दुर्बीण लावणाऱ्याला हा प्रश्नच येत नाही.

७. मग ऑलिंपिकमधल्या रायफलींच्या नळ्या एवढ्या लांब का दिसतात?

दिसतात, पण सगळ्या तेवढ्या नसतात. अनेकींच्या पुढे पोकळ नळकांडं बसवलेलं असतं. त्यात खाचा नसतात, गोळी त्याला स्पर्शही करत नाही. खरी नळी आत कुठेतरी संपलेली असते. नळकांड्याचं काम एवढंच, की पुढची साइट लांब नेऊन बसवायची. सहाव्या प्रश्नातले दोन्ही फायदे एकत्र घ्यायची ही युक्ती. पूर्वीच्या अखंड लांब नळ्यांच्या रायफलीही रेंजवर दिसतात. ॲनशुट्झ कंपनीच्या स्पर्धेसाठीच्या जुन्या रायफलींची नळी ६९ सेंटीमीटरची असते, आणि त्यांच्यावरही विश्वविक्रम झालेले आहेत.

८. आजोबांची परवान्यावरची .२२ आहे. नळी फार लांब आणि जड आहे. भोसरीत ओळखीचा लेथवाला आहे. दोन इंच कापून घेऊ का?

नाही. इथे 'पण' नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ मध्ये नाव घेऊन म्हटलंय की तसा वेगळा परवाना असल्याशिवाय कुणीही बंदुकीची नळी आखूड करू नये. तुमच्याकडे रायफल बाळगायचा परवाना आहे, नळी कापायचा नाही. हे दोन वेगळे परवाने आहेत, आणि तुमच्या लेथवाल्याकडे यातला एकही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातल्या शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. लेथवाला शहाणा असेल तर तुम्हाला चहा पाजून परत पाठवेल.

एक गृहस्थ मला फोनवर म्हणाले, 'अहो, दोन इंचांनी कुणाला काय कळतंय?' परवान्यावर शस्त्राची नोंद असते, आणि नूतनीकरणाला शस्त्र समोर ठेवावं लागू शकतं. शिवाय कापलेल्या तोंडाची कड जरा जरी वाकडी राहिली, तरी गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढोस मारतो. पन्नास मीटरवर कागदात गोळ्या विखुरलेल्या दिसतात. वेगाचं तर काही बिघडत नाही हे दुसऱ्या प्रश्नात आलंच. म्हणजे गुन्हाही करायचा आणि रायफलही बिघडवायची.

जडपणाचा त्रास असेल तर अधिकृत बंदूक विक्रेत्याकडे दस्ता किंवा तोल बदलण्याबद्दल विचारा. आजोबा हयात नसतील आणि परवाना त्यांच्याच नावावर असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा. वारसाला स्वतःचा परवाना लागतो. पुणे शहरात पोलीस आयुक्तालयात जायचं. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, तेव्हा भोसरीकरांनी पुण्याच्या आयुक्तालयात हेलपाटा घालू नये. आयुक्तालयांच्या हद्दीबाहेर असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय.

९. शिरूरला शेती आहे, रानडुकरं ऊस झोपवतात. आखूड .२२ वेग कमी असला तरी पुरेल का?

दादा, प्रश्न वेगाचा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार या देशात शिकारीला बंदी आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या प्राण्याबाबत वनखात्याकडे अर्ज करायचा, आणि पुढे जे व्हायचं ते त्यांच्या लेखी परवानगीने आणि त्यांच्या अटींवर. पंचनामा करून भरपाई मागायचा मार्गही तिथूनच जातो.

आणि परवानगीचा भाग बाजूला ठेवला तरी .२२ लाँग रायफलची तोंडाशी ऊर्जा १४० जूलच्या आसपास असते. रानडुकराला ती मारत नाही, जखमी करते. जखमी डुकराच्या मागे रात्री उसात शिरणारा माणूस मला भेटलेला नाही, आणि भेटायची इच्छाही नाही.

१०. आखूड नळीचा आवाज मोठा येतो का?

येतो. वायू दाबात असतानाच तोंड उघडतं, म्हणून. .२२ लाँग रायफलमध्ये २६ आणि १८ इंचांतला फरक कानाला जाणवेल न जाणवेल असा, पिस्तुलाच्या लांबीला मात्र चांगलाच. .२२३ मध्ये तर शेजारच्या लेनवाल्याच्या शिव्या खाव्या लागतात. नळी कोणतीही असो, कानावर मफ चढवूनच रेंजवर या.

११. आखूड नळीची भरपाई म्हणून हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाचं, काडतूस वापरलं तर?

इथे गंमत आहे, आणि थोडी पुण्याच्या हवेचीही.

ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. जानेवारीत बालेवाडीला सकाळी सातला १० अंश असतं तेव्हा तो सेकंदाला ३३७ मीटर. एप्रिलच्या दुपारी ४० अंशांत ३५५ मीटर. स्पर्धेचं काडतूस ३२०-३३० वर मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे बाराही महिने ध्वनीच्या खाली. हाय व्हेलॉसिटी काडतूस ३६५ ते ३९० ने निघतं आणि लक्ष्याकडे जाता जाता ध्वनीच्या वेगाच्या पट्ट्यातून खाली उतरतं. त्या पट्ट्यात हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि छोटी बोथट गोळी डगमगते.

आता वारा. बाजूच्या वाऱ्याने गोळी किती सरकणार, हे गोळीला एकूण किती वेळ लागला यावर नाही, तर वाटेत ती किती रखडली यावर ठरतं. हवाच नसती तर जितक्या वेळात पोचली असती, त्याहून किती उशीर झाला ते बघायचं. वेगाने निघून झपाट्याने वेग गमावणारी गोळी जास्त रखडते. म्हणून ५० आणि १०० मीटरवर हाय व्हेलॉसिटी .२२ वाऱ्याने जास्त सरकते, आणि हळू निघालेली स्पर्धेची गोळी कमी. पहिल्यांदा ऐकणारा मान्यच करत नाही. मीही केलं नव्हतं. बालेवाडीच्या उघड्या रेंजवर टेकडीकडून वारा सुटलेला असताना दोन्ही डबे शेजारी ठेवून मारून बघितले, तेव्हा गप्प बसलो.

यात नळीचा मुद्दा असा की आखूड नळी हाय व्हेलॉसिटी काडतुसाला थोडं खाली ओढते आणि नेमकं ध्वनीच्या पट्ट्याजवळ आणून सोडू शकते. मग तीच रायफल आणि तोच डबा डिसेंबरात लक्ष्यावर गोळ्या एका प्रकारे लावतो आणि मे महिन्यात दुसऱ्या. तेव्हा भरपाई वगैरे डोक्यातून काढा. स्पर्धेचं साधं काडतूस घ्या.

१२. वेग घरच्या घरी मोजता येतो का? क्रोनोग्राफ घेतला, पण आकडे वेड्यासारखे येतात.

घरी नाही. रेंजवर, आणि रेंज ऑफिसरला विचारून.

साध्या क्रोनोग्राफमध्ये ठरावीक अंतरावर दोन डोळे असतात. गोळीची सावली पहिल्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. डोळ्यांत ३० सेंटीमीटर अंतर असेल तर .२२ ला ते कापायला एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो. म्हणून ३ मिलिमीटरची गफलत म्हणजे एक टक्का, आणि एक टक्का म्हणजे सेकंदाला तीन मीटर. नळी आखूड झाल्याचा जो फरक तुम्ही शोधताय, तो बहुधा एवढाच असतो!

वेड्यासारख्या आकड्यांचं कारण विचाराल तर स्वतःची फजिती सांगतो. छपराखालच्या फायरिंग पॉइंटवर यंत्र मांडलं. आकडे आले ३२६, ३३१, मग एकदम ४०८, मग २९०. मी काडतुसाच्या लॉटला दोष दिला आणि विक्रेत्याला तावातावाने लांबलचक मेल पाठवला. संध्याकाळी शिपाई दिवे मालवायला आला आणि म्हणाला, 'सर, ही जुनी ट्यूब फडफडते, बदलायला सांगितलीय.' ट्यूबलाइट आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करते. माणसाच्या डोळ्याला ते कळत नाही, क्रोनोग्राफच्या डोळ्याला कळतं. दिवा बंद केला आणि आकडे शहाण्यासारखे एका रांगेत आले. विक्रेत्याला दुसरा मेल लिहायला मला दोन दिवस लागले.

तेव्हा सूर्यप्रकाशात किंवा यंत्राच्या स्वतःच्या दिव्यात मोजा, तोंडापासून तीन-चार मीटर लांब ठेवा आणि किमान दहा गोळ्यांची सरासरी घ्या. एका गोळीवरून निष्कर्ष काढू नका.

१३. आमच्या दोघांच्या रायफलींची नळी एकाच लांबीची, काडतूस एकाच डब्यातलं. तरी त्याचा वेग जास्त. असं कसं?

होतं. एकाच मापाच्या दोन नळ्या आतून हुबेहूब नसतात. एकीचा चेंबर (काडतूस बसायची जागा) किंचित घट्ट, दुसरीची पोकळी केसाएवढी मोठी, एकीत शिसं जास्त साचलेलं. सेकंदाला पाच-दहा मीटरचा फरक त्यातूनच निघतो. म्हणजे दोन नळ्यांमधला हा फरक कित्येकदा आठ इंच लांबीच्या फरकाहून मोठा असतो. सगळं पान वाचायचं नसेल तर निदान हे उत्तर वाचा. म्हणूनच मोठे खेळाडू रायफल घेऊन काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रावर जातात, रायफल पकडीत बसवून एकेक लॉट मारून बघतात आणि जो जुळतो त्याची खोकी उचलतात. नळी कुणी कापत नाही, काडतूस बदलतात.

१४. आखूड नळीत गोळीला पुरेशी फिरकी मिळते का? गिरक्या कमी होतील ना?

नळीतल्या गिरक्या कमी होतात, बाहेरची फिरकी नाही. .२२ लाँग रायफलच्या खाचांना साधारण १६ इंचांत एक पूर्ण पीळ असतो. १६ इंची नळीत गोळी एक फेरी मारते, २४ इंचीत दीड. पण बाहेर पडल्यावर ती किती वेगाने फिरते हे पिळावर आणि वेगावर ठरतं, आत किती फेऱ्या झाल्या यावर नाही. ३३० मीटर वेगाला ती सेकंदाला ८१० च्या आसपास गिरक्या घेते, ३१० ला साधारण ७६०. दोन्ही पुरेशा आहेत. पिस्तुलाच्या नळीत तर गोळी अर्धी फेरीसुद्धा घेत नाही, तरी सरळ जाते.

१५. हे सगळं छर्ऱ्याच्या १० मीटर एअर रायफललाही लागू आहे का?

तत्त्व तेच, वागणूक वेगळी. तिथे दारू जळत नाही, आधीच दाबलेली हवा सुटते. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टनने दाबलेली हवा थोडीशीच असते, त्यामुळे छर्रा पहिल्या पंधरा-वीस सेंटीमीटरांतच बहुतेक वेग कमावतो आणि पुढची नळी केवळ साइटला आधार म्हणून असते. सिलिंडरच्या रायफलीत झडप उघडी असेपर्यंत हवा येत राहते, म्हणून लांबीचा थोडा उपयोग होतो. स्पर्धेत तरी ४.५ मिलिमीटरचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटरनेच निघतो, म्हणजे ऊर्जा आठ जूलच्या आसपास. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्याच्या वर गेलात की लागतो. पंप किंवा स्प्रिंग बदलून 'पॉवर वाढवून देतो' म्हणणाऱ्यांपासून म्हणूनच लांब राहा.

१६. के.एफ. लिहिलेली जुनी काडतुसं कपाटात सापडली. आखूड नळीत त्यांचा वेग कसा येईल?

के.एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या खडकीची १८६९ पासूनची ॲम्युनिशन फॅक्टरी. काडतुसं चांगली असतीलही, पण कपाटात किती वर्षं, किती पावसाळे काढले हे कुणाला ठाऊक? दारूने ओल धरली की वेग बेभरवशाचा होतो, आणि वाईटात वाईट म्हणजे गोळी नळीतच अडकते. पुढची गोळी तिच्या मागे सोडली तर नळी फुटते. काडतुसं तुमच्या परवान्यावर नसतील तर ती घरात असणं हाच गुन्हा आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून जमा करायची पद्धत विचारा. खिशात घालून घेऊन जाऊ नका.

१७. मुलगी तेरा वर्षांची आहे, एअर रायफलवरून आता .२२ कडे जायचंय. २० इंची घेऊ की २६ इंची?

लगेच काहीच घेऊ नका. क्लबची रायफल सहा महिने वापरू द्या. तेरा वर्षांच्या खांद्याला वेग जाणवत नाही, वजन जाणवतं, आणि तेही कुठे आहे ते. पुढे जड असलेली लांब रायफल स्टँडिंगला स्थिर वाटते, पण मूल वीस मिनिटांत थकतं आणि कंबर मागे टाकून उभं राहायला लागतं. ती सवय नंतर मोडायला वर्ष जातं. तेव्हा तिला रायफल खांद्याला लावून उभी करा, बाजूने मोबाइलवर तिचा फोटो काढा, आणि वीस मिनिटांनी दुसरा. दोन्ही फोटो मला पाठवा, इंच नंतर बघू.